रथसप्तमीनंतर काय?
छंदातून दरमहा ठरावीक पैसे सुटतील का, असं विचारलंय. मी हलव्याचे दागिने करते. ऑर्डरी नोव्हेंबरपासून सुरू. रथसप्तमी झाली की फोन गप्प. म्हणून डोहाळजेवणासाठी कापडी फुलांचे दागिने करायला लागले. त्यांना सीझन नाही, वर्ष त्यांच्यावरच निघतं.

आता दराचं. पहिल्या वर्षी मी हलवा, दोरा, बेगड एवढाच खर्च धरला. एका हारामागे चार तास मान मोडून बसले, ते फुकट! आता आधी तास मांडते. घासाघीस करणारी गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. निम्मे पैसे आगाऊ घेतेच. बोरन्हाणाचा, बाळाच्या मापाचा मुकुट दुसऱ्या कुणाला विकणार? आणि हलवा ओल धरतो, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकाच.