आनंदमेळाव्यातल्या पोह्यांचा हिशेब

‘जन्मभर नोकरीच करणार, मग उद्योजकाची नजर कशाला?’ असं कुणी विचारेल. उत्तर हवं तर भाषणं ऐकण्यापेक्षा आपल्या मंडळाच्या आनंदमेळाव्यात एक दिवस पोह्यांचा स्टॉल लावा. समजा जागा नि गॅस मिळून १५०० रुपये, प्लेट ३० ला, तिचं सामान शेव नि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) यांसकट १८ चं. सुटतात १२. म्हणजे १२५ प्लेट विकेपर्यंत हाती शून्य. (स्वतःची मजुरी धरलीच नाही, बहुतेक जण धरत नाहीत!) खरी खोट उरलेल्या मालात: वाया गेलेली एक प्लेट विकलेल्या दीड प्लेटची कमाई खाते. म्हणून पोहे एका वेळी २० प्लेटपुरतेच भिजवत जा. शिवाय इंदूरचा सराफा बाजार बघाच. दिवसा दागिने, रात्री त्याच दुकानांपुढे खाणं. जागा एकच, कमाई दोनदा.