छोट्या कचेरीत सर्वांनी एकच लॉगिन वापरावे का?

लेखापाल, पुणे (मूळ मुद्दा)
गेली बारा वर्षे मी छोट्या कंपन्यांचे हिशेब पाहतो. बहुतेक ठिकाणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅडमिन' हा एकच युजर असतो आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. ही प्रथा बंद व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा झाला आहे; परंतु त्यात प्रत्येक वेळी 'अ‍ॅडमिन' एवढेच दिसत असेल, तर ती नोंद असून नसल्यासारखीच.

एका कंपनीत १८,५०० रुपयांचे रोख व्हाउचर ८,५०० झालेले आढळले. लॉगमध्ये तारीख होती, दुपारची १ वाजून ४० मिनिटे ही वेळ होती, जुनी रक्कमही होती. नाव मात्र 'अ‍ॅडमिन'. त्या संगणकावर तिघे बसत असत. संशय सर्वांत नव्या मुलीवर गेला, त्याला ती नवी होती याखेरीज काहीही आधार नव्हता. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. फेरफार कोणी केला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

हार्डवेअर दुकानदार, सांगली
त्या मुलीवर अन्याय झाला, हे मान्य. पण आमची भागीदारी आहे, कंपन्यांचा तो नियम आम्हाला लागू नाही. चार माणसे, एक संगणक. गाडी माल भरून गोदामासमोर उभी आहे आणि ज्याच्याकडे लॉगिन आहे तो गावच्या जत्रेला गेला आहे, अशा वेळी ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी लागणारे ऑनलाइन बिल, कोणी काढायचे? १ एप्रिल २०२५ पासून त्या बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी सर्वांनाच सक्तीचा झाला. तो माझ्या फोनवर येतो, आणि मी दवाखान्यात असलो तरी उठून सांगावा लागतो. माणसे विश्वासाची असताना आणखी कुलपे कशाला?

संगणक सल्लागार, ठाणे
आपली अडचण खरी आहे, पण तिचे मूळच सामाईक लॉगिनमध्ये आहे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य खात्याखाली उप-युजर काढता येतात. प्रत्येकाला स्वतःचा मोबाइल क्रमांक देता येतो आणि त्याने फक्त बिल काढावे की आलेले बिल नाकारावे, हेही ठरवता येते. म्हणजे ओटीपी ज्याचा त्याला जातो.

टॅलीतही अधिकार माणसागणिक न देता आधी गट ठरवावेत, असे मी सुचवेन. 'बिलिंग' गटाने विक्रीची नोंद करावी, मात्र व्हाउचर खोडू नये. मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत करता येईल, हीही मर्यादा घालता येते. नवा माणूस आला की त्याला गटात घालायचे, सोडून गेला की त्याचे नाव बंद करायचे. एकाच संगणकाचा सिल्व्हर परवाना असला, तरी युजर अनेक काढता येतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हार्डवेअर दुकानदार, सांगली
उप-युजरचे पटले, ते मी करून घेतो. काउंटरचे मात्र पटत नाही. संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाईक रांगेत उभे असते, एक जण बिल करता करता खिळे तोलायला उठतो आणि दुसरा त्याच्या जागी बसतो. प्रत्येक वेळी बाहेर पडून पुन्हा पासवर्ड घालत बसलो, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. काउंटरचे लॉगिन एकच राहील.

लेखापाल, पुणे
काउंटरपुरते आपले म्हणणे मी मान्य करतो. मूळ मुद्दा मांडताना रांगेचा विचार मी केला नव्हता. पण मग त्या लॉगिनला फक्त विक्रीची नोंद करता यावी. खोडणे, रक्कम बदलणे आणि मागची तारीख घालणे आपल्या स्वतःच्या लॉगिनकडेच ठेवावे, आणि तो पासवर्ड कोणालाही सांगू नये, अगदी माझ्यासारख्या हिशेब पाहणाऱ्यालाही. शिवाय काउंटरवर कोण किती वाजल्यापासून बसले, हे एका वहीत लिहीत जावे. अशी वही त्या कंपनीत असती, तर १ वाजून ४० मिनिटांनी ती मुलगी त्या खुर्चीत होती की नव्हती, एवढे तरी तिला दाखवता आले असते.