म्हाताऱ्यानं हात मागं घेतला, ते बरोबर होतं का?

शहापूरकर
आमच्या वाचनगटात गेल्या रविवारी भांडण झालं. अगदी खरं भांडण, चहा कपातच गार झाला. निमित्त मॅरिलिन रॉबिन्सनची 'होम' (२००८). अर्धवट राहिलेलं भांडण इथं पुढं चालवावं म्हणतो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: साल १९५६, अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं गिलियड नावाचं लहानसं गाव. रेव्हरंड बाउटन हे प्रेस्बिटेरियन पंथाचे निवृत्त पाळक मरणाला टेकलेत. बायको गेलेली, आठ मुलं पांगलेली. धाकटी ग्लोरी, वय ३८, शिक्षिका, लग्नाच्या बोलीत फसवली गेलेली, ती बापाचं करायला परत आलीय. आणि २० वर्षांनी दारात जॅक उभा राहतो. लहानपणापासून चोऱ्यामाऱ्या, एका गरीब घरच्या मुलीला दिवस गेले तेव्हा पळाला, ते मूल पुढं दगावलं, आईच्या मातीलाही आला नाही. आणि बापाचा सगळ्यात लाडका हाच.

शेवटी जॅक परत निघतो. निरोपाला हात पुढं करतो. म्हातारा आपला हात मागं घेतो आणि तोंड फिरवतो. या सगळ्याचा कंटाळा आला म्हणतो.

माझं म्हणणं असं की म्हातारा सबंध पुस्तकात इथंच पहिल्यांदा खरं बोलला. इतकी वर्षं 'तुला क्षमा केली' म्हणत राहिला आणि दर क्षमेला पोराच्या पाठीवर एकेक पोतं चढवत गेला. पोरगं वाकणार नाही तर काय! उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (बायबल, लूक, अध्याय १५) पैसा उडवून परत आलेल्या पोराच्या बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, पोसलेलं वासरू कापतो, मेजवानी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात कोण कुणाशी काय बोललं, ते तिथं लिहिलेलं नाही. या बाईनं तेच लिहिलंय, सव्वातीनशे पानांच्या आसपास.

बोला.

निपाणीकर
लई कंटाळवाणं पुस्तक. खरं सांगतो, राग मानू नका. पहिल्या शंभर पानात नुसती कॉफी उकळतीया. ती कॉफी करती, हा पितो, म्हातारा झोपतो, परत कॉफी. आमच्याकडं एवढ्या वेळात तंबाखूचा अख्खा हंगाम निघतो.

आणि शहापूरकर, शेवटच्या त्या हात मागं घेण्याला तुम्ही लई अर्थ चिकटवलाय. म्हाताऱ्याचं डोकं गेलेलं असतंय की तोवर. माझे वडील शेवटच्या दोन महिन्यात मला वखारीतला दिवाणजी समजायचे. 'माल भिजला तर तुझ्या पगारातनं कापीन' म्हणायचे. आता त्यावरनं मी काय समजायचं, माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता? मरणाच्या दारातल्या माणसाचं बोलणं धरून बसू नये.

खानापूरकर
मला एक कळत नाही, आपण हे का वाचतोय? पानापानावर बायबल, प्रवचनं, पूर्वनियती (कुणाचा उद्धार होणार ते देवानं आधीच ठरवलेलं). मिशनऱ्यांच्या पुस्तिकांत आणि यात फरक तो काय? घरच्या भांडणांवर लिहिलेलं मराठीत कमी आहे का?

कॅम्पातली
खानापूरकर, आमचं घर चौथ्या पिढीचं ख्रिस्ती, घरात बोली मराठीच, म्हणून सांगते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची. लिहिणारे बाबा पदमनजी. जन्म १८३१, कुठं, तर आपल्या बेळगावात. १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता ते वेगळं सांगायला नको, घर आणि जात एका दिवसात पाठीमागं. आणि लिहिलं काय, तर घराघरांतल्या विधवांचे हाल. म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच ख्रिस्ती माणसाच्या हातून, घरातल्या दुखण्यावर झाली. तेव्हा 'आपण का वाचतोय' हा प्रश्न बेळगावकरानं तरी विचारू नये.

आता शहापूरकर. तुम्ही दाखला अर्धाच सांगितलात. मोठा भाऊ कुठं गेला? शेतावरनं येतो, नाचगाणं ऐकतो, रागानं बाहेरच उभा राहतो. बाप त्याच्यासाठीसुद्धा घराबाहेर येतो. आणि दाखला तिथंच थांबतो, भाऊ आत गेला की नाही ते येशूनं सांगितलेलंच नाही. पुस्तकाचं सगळं बळ त्या न सांगण्यात आहे.

दुसरं. याच लेखिकेची आधीची 'गिलियड' (२००४, पुढच्या वर्षी पुलित्झर) याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. तिथं बाउटनचे जन्माचे मित्र, ७६ वर्षांचे पाळक जॉन एम्स, आपल्या लहानग्या मुलाला पत्र लिहितायत. जॅकला नाव त्यांचंच दिलेलं, जॉन. आयुष्यभर त्यांना हा मुलगा आवडला नाही, आणि ते स्वतःशी कबूलही करतात. त्यांनी देवळात बायबलातल्या हागार आणि इश्माएल या मायलेकांवर, टाकून दिलेल्या लेकरावर उपदेश केला, तेव्हा समोर बाकावर जॅक बसलेला. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलले. आणि तेच एम्स गाव सोडताना बसच्या वाटेवर त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतात. घरात बापानं हात मागं घेतला, रस्त्यावर परक्यानं पुढं केला. कृपा घरच्याच माणसाच्या हातून यावी असा नियम नाही. तुमचा 'खरा बोलला' मला पटत नाही. बाउटन तिथं हरला, आणि हरलेल्या माणसाचं कौतुक कशाला?

शहापूरकर
कॅम्पातल्या ताई, हरला हे मान्य. पण 'गिलियड' ला मधे ओढून तुम्ही 'होम' ला वाचवताय. एका पुस्तकातल्या वाचकाला दुसऱ्या पुस्तकातला आशीर्वाद कसा कळणार?

अनगोळचा
आमचा विषय वेगळाच आहे पण राहवत नाही.

१९५६ हे साल वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो. 'गिलियड' मध्ये एम्सच्या आजोबांचं प्रकरण आहे बघा. गुलामगिरी मोडायला निघालेला पाळक, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राऊनच्या माणसांना मदत करणारा, कमरेला पिस्तूल लावून देवळात उभा राहणारा, यादवी युद्धात एक डोळा गेलेला. त्याचा मुलगा, म्हणजे एम्सचे वडील, युद्धाच्या नावानं बोटं मोडणारे शांततावादी. दोघेही पाळक, दोघांचं बायबल एकच, आणि दोघं एका घरात नांदू शकले नाहीत. आजोबा शेवटी कॅन्ससला निघून गेले आणि तिकडंच वारले. पुढं दुष्काळात बाप नि लेक उपाशीतापाशी त्यांची कबर शोधत गेले.

आमचे आजोबा सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. वडिलांना कर्नाटक सरकारात नोकरी लागली. लागली म्हणजे आईनं जोर लावला, घरात खाणारी सात तोंडं. वडील कुंद्याचा डबा घेऊन आले आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवला. आजोबा म्हणाले, 'देवापुढं ठेव.' ठेवला. तिसऱ्या दिवशी डब्याला मुंग्या लागल्या तरी कुणी हात लावला नाही. शेवटी आजीनं परसात नेऊन उलटा केला. मी सहा वर्षांचा, मला कुंदा गेला याचंच दुःख.

आजोबा चुकीचे नव्हते आणि वडीलही नव्हते. आता माझी मुलगी कन्नड इतकं झकास बोलते की वडील तिच्याकडून फोन करवून घेतात. म्हणून म्हणतो, शहापूरकर, हात मागं घेतला की माणूस खरा, असं नसतं हो. मुंग्या लागेपर्यंत डबा तसाच पडून राहतो, एवढंच होतं.

निपाणीकर
अनगोळच्या अण्णा, हे जे लिहिलंत ना, एवढं जर त्या बाईनं लिहिलं असतं तर मी एका बैठकीत संपवलं असतं.

धारवाडी वाचक
सगळे क्षमेवर बोलताय, पण कशाची क्षमा ते कुणी विचारत नाही. (पुढं शेवट फोडतोय, शिव्या घालायच्या तर घाला.)

जॅकला बायको आहे, डेला. कृष्णवर्णीय, स्वतः पाळकाची मुलगी. एक मुलगा आहे, रॉबर्ट. ते राहतात त्या मिसुरीत गोऱ्या-काळ्यांचं लग्न कायद्यानं होऊच शकत नव्हतं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे कायदे १९६७ साली मोडीत काढले. आयोवात तसा कायदा नव्हता. म्हणजे जॅक बापाची माफी मागायला आलाय हे अर्धसत्य. तो गाव बघायला आलाय, इथं बायकोपोराला आणता येईल का ते. आणि टीव्हीवर मॉंटगोमेरी शहरातली, काळ्यांच्या हक्कांवरनं पेटलेली दंगल दिसते, जॅकच्या तोंडून येशूचं नाव बाहेर पडतं, तर बाप कशावर बोलतो? पोराच्या भाषेवर! त्या काळ्या लोकांनी स्वतःच ओढवून घेतलंय, थोड्या दिवसांत कुणाला आठवणारही नाही, असं हा देवमाणूस म्हणतो. त्याच खुर्चीत बसून जॅकनं कसं सांगायचं, 'तुमचा नातू काळा आहे'?

बाउटननं पोराचं सगळं जुनं माफ केलं. चोऱ्या, दारू, ती मुलगी. ज्याला माफीची गरजच नव्हती, ते मात्र ऐकून घेण्याइतकाही तो मोकळा राहिला नाही. एम्सच्या आजोबांनी ज्यासाठी डोळा घालवला, त्याच गावात दोन पिढ्यांनी हे असं. खानापूरकरांना यात मिशनरी प्रचार दिसत असेल तर मला चष्म्याचा नंबर विचारावासा वाटतो.

खानापूरकर
चष्मा ठीक आहे. मी अजून दीडशे पानांवरच आहे, हे आधी सांगायला हवं होतं.

टिळकवाडीची धाकटी
पाच पुरुष आणि एक ताई, सगळे बाप नि लेकावर. ग्लोरीचं नाव शहापूरकरांनी ओळखीपुरतं घेतलं, मग कुणी घेतलंच नाही.

पुस्तक सगळं तिच्या डोळ्यांतून दिसतं. निपाणीकर ज्या कॉफीला कंटाळले ती कॉफी कोण करतंय? बापाची अंथरुणं कोण बदलतंय, जॅक दारू पिऊन गोठ्यासारख्या त्या जुन्या गाडीघरात पडला तेव्हा त्याला शोधून आत कोण आणतंय? जॅक पडीक डिसोटो मोटार दुरुस्त करतो, बापाला फिरवून आणतो, आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी. ती रोज करते त्याला पाणीबिणी काही नाही.

घर तिच्या वाट्याला येणार, तर तिला आनंद नाही. भावाबहिणींना ते घर जसंच्या तसं हवंय, तीच जाड पडद्यांची अंधारी खोली, तेच अवजड सामान, म्हणजे सुट्टीला आलं की लहानपण जागच्या जागी सापडेल. आमच्याकडं हेच गणपतीला होतं. एक भाऊ पुण्यातून, एक बेंगळुरूहून. 'अगं, तो पाळणा कशाला काढलास?' म्हणून मोठ्या वहिनींनी डोळे पुसले. पाळण्याच्या कड्या गंजल्या होत्या, बाबांच्या डोक्यावर पडला असता तर? पण ते बोलायचं नसतं. पाच दिवसांनी सगळे मोदक बांधून घेऊन जातात, आणि मी आणि बाबा.

शेवटी डेला दारात येते, जॅक तोवर गेलेला असतो. ग्लोरीला पहिल्यांदा भाचा दिसतो. आणि ती ठरवते काय, तर हे घर असंच ठेवायचं, कधीतरी रॉबर्ट मोठा होऊन बघायला येईल म्हणून. कॅम्पातल्या ताई याला कृपा म्हणतील. मला तिथं पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटलं. एका पिढीनं हात मागं घेतला त्याची भरपाई तिनं जन्मभर पडदे धुऊन करायची?

कॅम्पातली
कृपा म्हणणार होते. थांबते. पण ती जबरदस्तीनं राहत नाही, निवडते, हे माझं म्हणणं सोडत नाही.

टिळकवाडीची धाकटी
ताई, दुसरं काही निवडायला होतं का तिला, एवढं दाखवा मग मी मानते.

शहापूरकर
मी म्हाताऱ्याच्या हाताबद्दल लिहिलं होतं. आता ती शेवटची पानं परत काढली. हात मागं घेतल्यावर बापापाशी खोलीत कोण उरतं हे मी आधी वाचलंच नव्हतं, डोळे जॅकच्या मागं दारापर्यंत गेले होते. तरी माझं मत पूर्ण बदललं असं नाही, रविवारी बोलू.

निपाणीकर
बरं, गटाची प्रत कुणाकडं हाय? परत एकदा बघतो म्हणतो. कॉफीची पानं यावेळी सोडणार न्हाई.

टिळकवाडीची धाकटी
माझ्याकडे आहे. चारनंतर या, तोवर बाबा झोपलेले असतात. बेल वाजवू नका, फोन करा.