डेव्हर्सला बॉस्टनने घालवला. चूक कोणाची?

साखळीकर
सोमवार, १६ जून २०२५, सकाळी ८.१०

इथे बेसबॉल बघणारे आम्ही मोजून सहा-सातजण. तरी लिहितो, कारण घरात हे कोणाशी बोलणार? सकाळी माझा चेहरा बघून बायकोने विचारलं, "कोण गेलं?" डेव्हर्स गेला म्हटलं तर तिला काय कळणार.

काल रात्री आपल्या बॉस्टन रेड सॉक्सचा यांकीजविरुद्धचा तिसरा सामना लावून बसलो होतो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. वीज दोनदा गेली, म्हणून शेवटी मोबाइलच्या डेटावरच बघितला. पाचव्या इनिंगमध्ये डेव्हर्सने मॅक्स फ्रीडला होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे) मारला, या हंगामातला त्याचा पंधरावा. आपला पिचर ब्रायन बेयोने सात इनिंग यांकीजना एक रन काढू दिला नाही. २-० ने जिंकलो, तिन्ही सामने आपले. इतका समाधानाने झोपलो की काय सांगू. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला तेव्हा उठलो, पाव घेतले, फोन उघडला. रफाएल डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे. संघ सिएटलला निघायच्या गडबडीत होता आणि त्यातच हा ट्रेड झाला.

बदल्यात आले जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो. यातल्या दोघांना मोठ्या लीगचा अनुभव आहे, दोघे अजून खालच्या लीगमध्ये. आणि आपण दिला कोण? सोळाव्या वर्षी या क्लबने करारबद्ध केलेला, विसाव्या वर्षी मैदानात आलेला, २०१८ च्या वर्ल्ड सीरिज विजेत्या संघातला पोरगा. बॉस्टनसाठी २१५ होमरन. २०१८ च्या संघातला मूकी बेट्स २०२० मध्ये गेला, बोगार्ट्स २०२२ संपताना गेला, आता हाही.

ज्यांनी मधलं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये डेव्हर्सशी दहा वर्षांचा करार झाला, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा. तो थर्ड बेसचा खेळाडू, म्हणजे फील्डिंगला तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती जागा त्याचीच राहील असं त्याला सांगितलं होतं. या फेब्रुवारीत क्लबने अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणलं. तोही थर्ड बेसचा, गोल्ड ग्लोव्हवाला, म्हणजे उत्तम फील्डिंगचं बक्षीस मिळालेला. मग डेव्हर्सला सांगितलं की तू डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करायची, फील्डिंगला यायचंच नाही. तो आधी नाराज झाला, मग तयार झाला. पहिल्या पाच सामन्यांत १९ वेळा बॅट फिरवून एकही हिट नाही, १५ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. तरी सावरला आणि महिन्याभरात संघातला सगळ्यात धोकादायक बॅटर तोच होता. २ मे रोजी फर्स्ट बेसवरच्या कासासचा गुडघा गेला. आता म्हणे तू फर्स्ट बेसवर उभा राहा. तेव्हा डेव्हर्स पत्रकारांसमोर नाही म्हणाला. मला ग्लोव्ह बाजूला ठेवायला तुम्हीच सांगितलं ना, असं त्याचं म्हणणं. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. आणि महिन्याभराने हे.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. मी अठरा वर्षं बोटीवर होतो, क्रूझवर, गॅलीत. उन्हाळ्यात आमची बोट बॉस्टनहून बर्म्युडाला जायची. बेकरीत माझ्या शेजारी एक डोमिनिकन पोरगा होता, सामाना भागातला, म्हणजे डेव्हर्सच्याच मुलखातला. त्याने मला बेसबॉल शिकवला. बटाट्यावर काळ्या मार्करने शिवण काढायचा आणि बोटं कुठे ठेवली की चेंडू कसा वळतो ते दाखवायचा. रात्री दोन वाजता, पिठाच्या हातांनी. २०१८ च्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी तो मला बॉस्टनच्या मैदानावर, फेनवे पार्कला घेऊन गेला. तिथली डावीकडची हिरवी भिंत ३७ फूट उंच आहे. टीव्हीवर तिची उंची कळत नाही. डेव्हर्स बॅटिंगला डावखुरा, पण त्याने चेंडू उलट्या बाजूला, थेट त्या भिंतीवर मारला. पत्र्यावर नारळ पडावा तसा आवाज आला. माझा दोस्त उभा राहून रडत होता. त्याच्या गावाकडचा एकवीस वर्षांचा पोरगा तिथे खेळत होता.

त्याच बोटीवर तिसऱ्या काँट्रॅक्टला मला बेकरीतून काढून भांडी धुवायला लावलं. येताना लेखी बेकर म्हणून आलो होतो. भांडी धुण्यात मला कमीपणा कधीच वाटला नाही, घरी आईला मदत करतच मोठा झालो. पण कोणी तोंडाने सांगितलं नाही. सकाळी ड्यूटीच्या यादीत माझं नाव दुसऱ्या रकान्यात होतं, बस. मी नाही म्हणालो. दोन दिवसांनी निमूट हो म्हणालो, कारण घरी पैसे लागत होते. ते दोन दिवस मला आजही आठवतात. म्हणून डेव्हर्स अडून बसला तेव्हा त्याला गर्विष्ठ म्हणायला माझी जीभ वळली नाही.

तर विचारायचं हे, की एवढे पैसे घेणाऱ्याने सांगतील तिथे खेळायला हवं होतं, की ज्यांनी आधी शब्द फिरवला त्यांना तो मागायचा हक्कच नव्हता?


अंत्रुजकर
सोमवार, १६ जून, दुपारी १.२५

काका, तुमच्या बोटीवरचं वाचून वाईट वाटलं. पण माझं मत उलट आहे, राग मानू नका.

तुम्हाला घरखर्चासाठी हो म्हणावं लागलं. डेव्हर्सवर तशी वेळ नव्हती. कासास पडला तेव्हा संघाला खरंच गरज होती, आणि तरुण पोरं बघत होती की सर्वांत जास्त पगारवाला काय करतो. फर्स्ट बेस अवघड आहे, मान्य, तिथे उभं राहायचं तर पाय बेसवर ठेवून ताणून चेंडू घ्यायची सवय लागते. पण निदान सराव करून बघतो एवढं तरी म्हणायचं.

पैशांचंही बघा. करारातले २५ कोटींहून जास्त डॉलर शिल्लक होते आणि जायंट्सनी ते सगळे उचलले. या वर्षी लक्झरी टॅक्सची, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा २४ कोटी १० लाख आहे, तिच्यावर गेलं की दंड. आता ते ओझं २०३३ पर्यंत दुसऱ्याच्या डोक्यावर.

आणि बॉस्टनने लाडका खेळाडू हंगामाच्या मध्यात देणं पहिल्यांदा होत नाही. ३१ जुलै २००४ ला नोमार गार्सियापारा दिला, तेव्हाही सगळे रडले होते. त्याच ऑक्टोबरात १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सीरिज आली. २००८ मध्ये त्याच तारखेला मॅनी रामिरेझ डॉजर्सकडे गेला. तिथे त्याने ५३ सामन्यांत १७ होमरन मारले हे खरं, पण त्याच्याशिवाय बॉस्टन अमेरिकन लीगच्या फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलंच ना?


मडगांव मैदान
सोमवार, १६ जून, संध्याकाळी ६.४०

मी क्रिकेटवाला, बेसबॉल थोडाफार. मला कळत नाही ते एवढंच की खेळाडूला कोणी विचारतच नाही का? आपल्याकडे जैस्वालने एप्रिलमध्ये गोव्याकडून खेळायला मुंबईकडे ना-हरकत मागितली, मे महिन्यात स्वतःच परत घेतली. त्याचा अर्ज, त्याचाच निर्णय. इथे माणूस सामना जिंकून विमानात बसायला निघतो आणि त्याचं शहरच बदलतं?


पेडण्याचा, सध्या ऑकलंड
मंगळवार, १७ जून, सकाळी ११.५५

मडगांवकर, दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली की खेळाडूला नकार द्यायचा हक्क मिळतो. नाहीतर तो करारात लिहून घ्यावा लागतो. डेव्हर्स २०१७ चा, दहा झाली नाहीत.

मी जायंट्सवाला, त्यामुळे माझ्याकडे सध्या दिवाळी आहे. जायंट्सकडून २००४ मध्ये बॅरी बाँड्सने ४५ होमरन मारले, त्यानंतर आमच्या एकाही माणसाने एका हंगामात ३० होमरन मारलेले नाहीत. एकवीस वर्षं! आमच्या मैदानाची उजवी भिंत २४ फुटांची आहे, विली मेजच्या नंबरवरून, आणि पलीकडे थेट खाडी. रात्री समुद्राची थंड हवा सुटते तेव्हा चांगले मारलेले चेंडूही मैदानातच पडतात. पण साखळीकर म्हणतात तसा हा उलट्या बाजूलाही मारतो, म्हणून मला भरवसा आहे. बस्टर पोसी आता आमचा कारभार बघतो. स्वतः कॅचर होता, खेळाडूशी कसं बोलायचं ते त्याला कळत असावं.


पेडण्याचा, सध्या ऑकलंड
बुधवार, १८ जून, सकाळी १०.२०

साखळीकर, पत्रकार परिषद बघितलीत का? डेव्हर्स म्हणाला, हे लोक सांगतील तिथे खेळेन. फर्स्ट बेससुद्धा.


साखळीकर
सोमवार, २३ जून २०२५, रात्री ९.३०

बघितली. आणि त्यावर तीन दिवस डोक्यात तेच चाललं होतं.

अंत्रुजकर, तुमचा राग कसा मानू, मुद्देसूद लिहिलंत. पण बघा, तोच माणूस, तोच ग्लोव्ह, तीच जागा. बॉस्टनमध्ये नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोत हो. आळशी असता तर दोन्हीकडे नाही म्हणाला असता. तुम्ही म्हणाल, मग आपल्याला का नाही म्हणाला, हा तर आणखी मोठा अपमान. मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. नंतर वाटलं, ज्याने आधी तुमची जागा काढून घेतली त्याने दुसरी जागा देऊ केली की ती मदत वाटतच नाही. नव्या घरात तोच शब्द साधा कामाचा वाटतो.

नोमारचं तुम्ही आठवण करून दिलीत ते बरं केलंत. पण त्या ट्रेडमध्ये ओर्लांडो काब्रेरा त्याच दिवशी नोमारच्या जागी, शॉर्टस्टॉपला उभा राहायला मिळाला होता. आज डेव्हर्सच्या जागी बॅट घेऊन कोण उभा राहणार? रोमन अँथनी एकवीस वर्षांचा, येऊन दोन आठवडे झाले. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर एवढं ओझं नको होतं.

आणि शनिवारचं काय सांगू. आपला संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि समोर डेव्हर्स. पिचर कोण, तर ब्रायन बेयो. सहा दिवसांपूर्वी ज्याच्या होमरनवर बेयो जिंकला होता त्याच्याच विरुद्ध. बेयोही सामानाचाच. क्षणचित्रं मी रविवारी सकाळी चहाबरोबर बघितली. तिसरी इनिंग, उलट्या बाजूला, गेला. दोन रन. आम्ही ३-२ ने हरलो. मी चिडायला हवं होतं. मी ते सात-आठ वेळा मागे घेऊन बघितलं. चेंडू बॅटवरून सुटल्यावर बेयो वळूनही बघत नाही, त्याला आवाजावरूनच कळलं. त्याने वर्षानुवर्षं तो आवाज आपल्या बाजूने ऐकलेला.

रात्री सामानाहून माझ्या दोस्ताचा व्हॉइस मेसेज आला. तो आता जमिनीवरच असतो, स्वतःची बेकरी आहे. मागे कोंबडे आरवत होते. म्हणाला, दोघेही आमचेच, कोणासाठी ओरडायचं ते गावात कुणालाच कळेना.


अंत्रुजकर
मंगळवार, २४ जून, सकाळी ७.०५

शेवटचं वाचून गप्प झालो. पैशांबद्दलचं मत कायम आहे. शब्दाबद्दलचं नाही.


साखळीकर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ५.१५

धागा वर काढतो, कारण हिशेब अर्धवट राहिला होता.

जायंट्स ८१ जिंकले, ८१ हरले, प्लेऑफला नाहीत. बॉस्टन ८९-७३, प्लेऑफला गेलं. म्हणजे अंत्रुजकरांचं बरोबर निघालं. पण तिथे यांकीजनी २-१ ने बाहेर काढलं, आणि तीन सामन्यांत आपण एकूण सहा रन काढले. शेवटच्या सामन्यात शून्य. अँथनी जखमी होऊन बाहेर बसलेला. त्या शून्याच्या सामन्यात नवव्या इनिंगला मला कोण आठवलं असेल ते सांगायला नको. चार पोरांतला टिब्स तर जुलै संपता संपता डॉजर्सला देऊनही टाकला, डस्टिन मेसाठी.

डेव्हर्सचे दोन्हीकडचे मिळून ३५ होमरन. खेळला १६३ सामने. संघाचे असतात १६२. दोन संघांच्या वेळापत्रकांतल्या फरकामुळे त्याला एक जास्त मिळाला. हट्टी म्हणून हिणवलेल्या माणसाने एक दिवस सुट्टी घेतली नाही, हे मला फार मोठं वाटतं. पेडणेकर, तुमच्या अ‍ॅडेम्सने शेवटच्या दिवशी हंगामातला तिसावा होमरन मारला, त्याबद्दल अभिनंदन. एकवीस वर्षांचं गाऱ्हाणं मिटलं.

२२ जुलैपासून तो फर्स्ट बेसवर उभा राहायला लागला. दोस्ताने फोटो पाठवला होता. डाव्या हातात तो मोठा ग्लोव्ह, एक पाय बेसवर, सगळं अंग चेंडूकडे ताणलेलं. मी तो दुकानात गल्ल्याच्या आत चिकटवलाय. जायंट्सचे घरचे सामने आपल्याकडे सकाळी सव्वासातला सुरू होतात, दुकान मी साडेनऊला उघडतो. पुढच्या मार्चपासून आधी बॉस्टन पहाटेचं, मग हे.