वडीच्या अळूची पानं तळहाताएवढीच का राहतात?

प्रश्न: कोल्हापुरात परसात, काळ्या मातीत अळू आहे. वाफा ३ फूट बाय ४ फूट, दुपारी कडक ऊन. पानं लहान, कडा वाळलेल्या. पावसात तपकिरी ठिपके पडून पान सडतं. काय करू?

उत्तर १: दादा, आधी गर्दी काढा. मूळ गड्ड्याला पिल्लं फुटत राहतात आणि सगळी एकाच मातीवर जगतात. गड्डे उकरून दीड-दोन फुटांवर, ३ इंच खोल लावा. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको, मुळं भाजतात. कडा वाळतात त्या दुपारच्या उन्हानं आणि कोरड्या मातीनं. केळीच्या सावलीत हलवा, उसाचं पाचट अंथरा. मोरीचं पाणी सोडत असाल तर साबण-सोडा जाऊ देऊ नका.

उत्तर २: ठिपके म्हणजे करपा रोग. सकाळी बघा, ठिपक्यावर पिवळसर थेंब दिसतील. ते पान देठासकट काढून वाफ्याबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी बुंध्याशी, पानांवर नाही. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा अर्धा फूट उंच करा.

उत्तर ३: तोडताना बाहेरची पानं घ्या, मधली दोन-तीन ठेवा. सगळी ओरबाडली की पुढचं पान लहानच येणार! आणि अळूनं घशाला सुटते ती खाज पानातल्या ऑक्झलेट या क्षाराच्या बारीक सुयांमुळे असते. वडीला चिंच लावा, नीट वाफवा. कच्चं चाखायचं नाही.

प्रश्नकर्ता: देठं फदफद्यात चालतील?

उत्तर ३: चालतील की, सोलून.