१२ लाखापर्यंत टॅक्स नाही ना? मग इन्क्रिमेंट मिळून पगार कमी कसा आला?? (मदत हवी आहे)

वैतागलेला_पगारदार · २ मे २०२५, रात्री ११.४०
कोणीतरी मला सांगा हे काय चाललंय. १ फेब्रुवारीला बजेट लागलं तेव्हा टीव्हीवर घसा फोडून सांगत होते १२ लाखापर्यंत एक रुपया टॅक्स नाही, आमच्या घरी पेढे आणायचेच बाकी होते. माझा पगार १२ च्या आतच आहे. एप्रिलपासून इन्क्रिमेंटपण लागलं. आधी हातात ८३,६०२ यायचे आणि परवा जमा झाले ८१,५३७. म्हणजे पगार वाढला, टॅक्स माफ झाला आणि पैसे दोन हजार कमी! एचआरला मेल टाकला तर "ॲज पर डिक्लरेशन" एवढं एका ओळीचं उत्तर. बायकोने वाढीव पगार धरून शाळेची फी, हप्ता, सगळं डायरीत मांडून ठेवलंय. कंपनीने घोळ घातलाय ना? तक्रार कुठे करायची ते लवकर सांगा, सोमवारी भांडायला जायचंय.

आकडेमोड · रात्री ११.५८
भांडायला जाण्याआधी हे सांग: १२ च्या आत म्हणजे काय, सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च) की ग्रॉस (कापाकापीआधीचा पगार)? रिजीम (टॅक्स मोजायची पद्धत) कोणता? स्लिपवर टीडीएस (पगारातून आधीच कापलेला टॅक्स) किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस, ज्योतिषी नाही आम्ही.

नानाकाका_५७ · ३ मे, सकाळी ६.१०
बाळा, पीपीएफ उघड. ७.१ टक्के व्याज, पूर्ण करमुक्त. आम्ही पहिल्या पगारापासून भरलं, म्हणून आज निवांत आहोत.

वैतागलेला_पगारदार · सकाळी ८.२२
काका पीपीएफचं नंतर, आत्ता हप्ता कसा भरू ते सांगा. @आकडेमोड महिन्याचा ग्रॉस ९५ हजार (आधी ९० होता), पीएफ १८००, प्रोफेशनल टॅक्स २००. रिजीम नॉर्मलच आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची · सकाळी ८.३१
नॉर्मल रिजीम 😂 ओल्ड आणि न्यू दोनच आहेत, हे कुठल्या बजेटमध्ये आलं?

आकडेमोड · सकाळी ९.०५
बरं, तूच सांगत नाहीस तर उलटं काढतो. ९५,००० मधून १८००, २०० आणि तुझे ८१,५३७ वजा केले की उरले ११,४६३. हा तुझा टीडीएस. आता ९५ हजाराने वर्षाचे ११,४०,००० होतात. न्यू रिजीममध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) गेलं की १०,६५,०००, म्हणजे १२ च्या आत, ८७ए ची रिबेट (१२ लाखापर्यंतची टॅक्समाफी) मिळून टॅक्स शून्य. मग ११,४६३ आले कुठून? ओल्ड रिजीम लावून बघ. ५० हजार स्टँडर्ड, अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स, तुझा स्वतःचा वर्षाचा पीएफ २१,६०० एवढं सोडलं की राहतात १०,६५,९००. ओल्डच्या स्लॅबने १,३२,२७०, वर ४ टक्के सेस (टॅक्सवरचा उपकर), झाले १,३७,५६०. भागिले १२ = ११,४६३. जुळलं.

कंपनीने घोळ घातलेला नाही भावा. तू ओल्ड रिजीम निवडलास आणि खाली एकही गुंतवणूक भरली नाहीस. गप्प बसला असतास तर न्यूच लागला असता, तो डिफॉल्ट आहे. तुला कुठेतरी जाऊन टिक करावी लागली असणार.

वैतागलेला_पगारदार · सकाळी ९.४८
अरे यार. हो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर काहीतरी आलं होतं, त्यात ओल्ड सिलेक्ट केलं. ऑफिसातला एकजण म्हणाला होमलोन असेल तर डोळे झाकून ओल्ड. खालचे रकाने रिकामे सोडले कारण पुरावे जानेवारीत मागतात ना.

आकडेमोड · सकाळी ९.५२
पुरावे जानेवारीत. अंदाजे आकडे आत्ताच टाकायचे असतात, नाहीतर ते शून्य धरतात. आणि होमलोन आहे हे तू आत्ता सांगतोयस??

वैतागलेला_पगारदार · सकाळी १०.०३
वाटलं ते सगळ्यांनाच असतं. जानेवारीत ताबा मिळाला, या वर्षाचं व्याज साधारण १ लाख ९२ हजार. मेडिक्लेम १८ हजार. एलआयसी, मुद्दल, पीएफ धरून ८०सी चे (बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख भरतात.

नानाकाका_५७ · सकाळी १०.२०
मग ओल्डच बरोबर आहे तुझं! सगळी वजावट मिळते. ही न्यू रिजीम म्हणजे तरुण पिढीला बचत विसरायला लावायचा डाव आहे.

आकडेमोड · सकाळी १०.४१
काका, हिशोब करा की जरा. ११,४०,००० मधून ५०,०००, २,५००, दीड लाख, १,९२,००० आणि १८,००० काढले तर उरतात ७,२७,५००. त्यावर सेस धरून ६०,३२०. न्यूमध्ये शून्य. ओल्डमध्ये शून्यावर यायचं तर ५ लाखाच्या खाली यावं लागेल, म्हणजे अजून सव्वादोन लाखाची वजावट पाहिजे. कुठून आणणार तो?

नानाकाका_५७ · सकाळी १०.५५
टॅक्स वाचवणं म्हणजेच सगळं नसतं. सक्ती असली की माणूस साठवतो. नाहीतर ते साठ हजार फोनवर जातील.

कोपऱ्यातली_खुर्ची · सकाळी ११.०२
काका, सरकारला साठ हजार देऊन बचतीची सवय लावायची? त्यापेक्षा तो साठ हजाराचाच पीपीएफ भरेल की. न्यू रिजीममध्ये भरू नका असं कोणी म्हटलंय, वजावट मिळत नाही एवढंच.

रात्रपाळी · सकाळी ११.३०
तुमचं बारा लाखाचं चालू द्या. मी एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर, ग्रॉस १७,५००. आम्हाला या बजेटने काय दिलं? इन्कम टॅक्स आधीपण नव्हता आत्तापण नाही. प्रोफेशनल टॅक्स मात्र बघा, या ९५ हजारवाल्याचेपण २०० आणि माझेपण २००. फेब्रुवारीत ३००. साबण घेतला तरी जीएसटी दोघांना सारखाच.

ताईसाहेब_अकाउंट्स · सकाळी ११.४४
हे खरं आहे दादा. महाराष्ट्रात १० हजाराच्या वर गेलं की सगळे एकाच मापात, वर्षाचे अडीच हजार. बायकांना २५ हजारापर्यंत माफ आहे तेवढंच.

गुरुजी_ऑनलाइन · दुपारी १२.१५
आठव्या वेतन आयोगाचं कोणाला काही कळलंय का? जानेवारीत मंजुरी दिली म्हणाले, त्यानंतर सगळं सामसूम. फिटमेंट फॅक्टर (मूळ पगाराला गुणायचा आकडा) किती धरावा?

कोपऱ्यातली_खुर्ची · दुपारी १२.१८
गुरुजी वेगळा धागा काढा.

ताईसाहेब_अकाउंट्स · दुपारी १२.३०
मूळ प्रश्नावर येते, मी पेरोलमध्येच आहे. @वैतागलेला सोमवारी भांडू नकोस, गोड बोलून विचार की रिजीम बदलायची विंडो उघडी आहे का. काही कंपन्या वर्षाच्या मध्ये बदलू देतात, काही अजिबात नाही. नाही दिलं तरी पैसे बुडत नाहीत, कंपनीला सांगतो ते फक्त टीडीएससाठी असतं. पगारदार माणूस रिटर्न भरताना न्यू घेऊ शकतो आणि कापलेले रिफंड मिळतात. फक्त तोपर्यंत वर्षभर दरमहा साडेअकरा हजार अडकून पडतात, आणि तुझ्या बायकोची डायरी तेवढं थांबणार नाही.

आता खरं सांग, बाकी काही उत्पन्न आहे का? बोनस, व्याज, शेअर विकले? शेअरच्या नफ्यावर वेगळ्या दराने टॅक्स लागतो आणि त्याला ही रिबेट नाही.

वैतागलेला_पगारदार · दुपारी १.१०
शेअर नाहीत. व्हेरिएबल आहे, ऑक्टोबरमध्ये १ लाख २० हजार. आणि बाबांनी रिटायर झाल्यावर ६ लाखाची एफडी माझ्या नावावर केली होती, तिचं ४२ हजार व्याज येतं पण बँक त्यावर टॅक्स कापत नाही म्हणजे ते माफ असेल.

आकडेमोड · दुपारी १.१४
😶

ताईसाहेब_अकाउंट्स · दुपारी १.३५
बँक कापत नाही कारण या एप्रिलपासून टीडीएसची मर्यादा ४० वरून ५० हजार केलीय (ज्येष्ठांना १ लाख). ती कापण्याची मर्यादा आहे, टॅक्समाफी नव्हे. व्याज तुझ्या उत्पन्नात धरायचंच.

आकडेमोड · दुपारी १.५०
मग पुन्हा मांडू. ११,४०,००० + १,२०,००० = १२,६०,०००. वजा ७५ हजार = ११,८५,०००. इथपर्यंत शून्य. त्यात व्याजाचे ४२,००० टाकले की १२,२७,०००. गेलास वर.

उसाचा_रस · दुपारी २.०५
संपलं. १२ लाखावर एक रुपया गेला तरी पूर्ण साठ हजार भरावे लागतात. म्हणून माझ्या मित्राने इन्क्रिमेंट नको म्हणून सांगितलं.

आकडेमोड · दुपारी २.१२
मित्राला म्हणावं इन्क्रिमेंट परत माग. मार्जिनल रिलीफ असतो. १२ लाखाच्या वर जेवढे गेलात त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. याचे २७,००० वर गेलेत, तर टॅक्स २७,०००, अधिक सेस १,०८०, एकूण २८,०८०. साधारण १२ लाख ७० हजारापर्यंत हे असंच चालतं, त्यानंतर नेहमीचे स्लॅब.

उसाचा_रस · दुपारी २.२०
म्हणजे ४२ हजाराच्या व्याजातले २८ हजार सरकारला. मग मी काय वेगळं म्हणालो? एफडी बायकोच्या नावावर कर, विषय संपला.

ताईसाहेब_अकाउंट्स · दुपारी २.३३
नाही संपत. बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, क्लबिंग म्हणतात त्याला. आईवडिलांना मात्र ते लागू नाही. पैसे मुळात बाबांचेच होते तर एफडी मोडून त्यांना परत दे, व्याज त्यांचं होईल. त्यांचं वय ६० च्या वर असेल आणि त्यांना टॅक्स बसत नसेल तर बँकेत १५एच (टॅक्स कापू नका असा फॉर्म) भरून ठेवायचा.

उसाचा_रस · दुपारी २.४०
माझ्या मेहुण्याने बायकोच्या नावावर केली आहे, दहा वर्षं कोणी विचारलं नाही.

ताईसाहेब_अकाउंट्स · दुपारी २.४१
विचारलं नाही आणि चालतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडेमोड · दुपारी ३.००
दुसरा रस्ता: कंपनी एनपीएस (पेन्शन योजना) देते का बघ. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीने भरलेली रक्कम न्यू रिजीममध्येही वजा होते. बेसिक किती तुझं?

वैतागलेला_पगारदार · दुपारी ३.२५
३८ हजार.

आकडेमोड · दुपारी ३.३१
१० टक्के जरी घेतलेस तरी महिना ३,८००, वर्षाचे ४५,६००. १२,२७,००० चे ११,८१,४०० होतात आणि टॅक्स परत शून्य. पण हे पैसे तुझ्याच सीटीसीतून जातात, हातात तेवढे कमी येतील.

कोपऱ्यातली_खुर्ची · दुपारी ३.४०
२८ हजार वाचवायला ४५ हजार साठीपर्यंत कुलूपबंद. ज्याचा हप्ता चालू आहे त्याला हे सांगू नकोस रे.

आकडेमोड · दुपारी ३.४४
कुलूपबंद असले तरी त्याचेच राहतात की! टॅक्सचे गेले ते गेले.

नानाकाका_५७ · दुपारी ४.०२
बघा. शेवटी साठवण्यावरच आलात.

सुगरण_नाही_मी · दुपारी ४.३०
लाडकी बहीणचे २१०० कधीपासून आहेत? राज्याच्या बजेटमध्ये येणार होते ना?

रात्रपाळी · दुपारी ४.४१
नाही आले ताई, मार्चच्या बजेटमध्ये १५०० च राहिले. माझ्या बायकोला मिळतात, तेवढ्यात किराण्याचा एक आठवडा निघतो.

उसाचा_रस · संध्याकाळी ५.१५
हप्त्याचं बोलाल तर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पाव-पाव टक्का रेपो (बँकांना कर्ज द्यायचा दर) कमी केला, एप्रिलमध्ये ६ टक्के झाला. बँकेला विचार, लोन रेपोला जोडलेलं असेल तर तुझंपण कमी झालं पाहिजे. बँका स्वतःहून ईएमआय कमी करत नाहीत, मुदत घटवतात आणि गप्प बसतात.

ताईसाहेब_अकाउंट्स · संध्याकाळी ५.२२
हे मात्र बरोबर सांगितलंत.

वैतागलेला_पगारदार · ५ मे, रात्री ९.१५
अपडेट. एचआरकडे गेलो, भांडलो नाही. १० तारखेपर्यंत विंडो उघडी आहे, न्यू करून टाकलं, समोर बसूनच करून घेतलं. मेपासून टीडीएस बंद, म्हणजे ९३ हजार येतील. एनपीएस कंपनी देत नाही. बाबांशी बोललो, ते म्हणाले एफडी मोडायची नाही, तुझ्याच नावावर राहू दे, आता त्यांना कसं समजावू.

ताईसाहेब_अकाउंट्स · रात्री ९.४०
ते नाहीच म्हणाले तर २८,०८० ची तयारी ठेव. एप्रिलचे ११,४६३ आधीच जमा आहेत, राहतात १६,६१७. दहा हजाराच्या वर बाकी असली की ॲडव्हान्स टॅक्स (वर्षातच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) लागतो, पहिला हप्ता १५ जूनला. नाहीतर व्याजाचा आकडा एचआरला कळव, ते पगारातून थोडंथोडं कापतील, तुला वेगळं काही करायला नको.

वैतागलेला_पगारदार · रात्री ९.५२
एचआरलाच सांगतो. म्हणजे ९३ पण नाही येणार. अजून एक, बायको घरी ट्यूशन घेते, महिना १४ हजार, ते पण यात धरायचे का?

आकडेमोड · रात्री ९.५५
ती तिची कमाई, तुझ्यात नाही धरायची. आणखी काही लपवलं असशील तर आजच सांगून टाक.

नानाकाका_५७ · ६ मे, सकाळी ६.०५
सूनबाईंच्या नावाने पीपीएफ उघड.