३ नोट्रम्प एक डाऊन: इस्पिकचा एक्का किती वेळा दाबायचा?

नौपाड्याची_डमी (ठाणे पश्चिम)

शनिवारच्या ब्रिजच्या टेबलावर हा डाव आला आणि चौघांची चार मतं झाली, म्हणून पानं जशीच्या तशी देतेय.

दक्षिण (डिक्लेअरर, म्हणजे डाव खेळणारी)
इस्पिक: एक्का ६ ३
बदाम: राजा ४
चौकट: राणी ८ ५ ३
किलवर: एक्का राजा ७ २

उत्तर (डमी, पानं टेबलावर उघडी)
इस्पिक: ८ ५
बदाम: एक्का राणी ७ ५ २
चौकट: एक्का गुलाम १० ९
किलवर: ६ ४

बोली: दक्षिण १ नोट्रम्प (म्हणजे हुकूम नाही; आमचा १५ ते १७ गुणांचा, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), उत्तर थेट ३ नोट्रम्प (१३ फेऱ्यांपैकी ९ हात जिंकायचे), मग सगळे पास.

पश्चिमेची उतारी (पहिलं पान) इस्पिकची सत्ती, पूर्वेची राणी. दक्षिणेने एक्का दाबला, म्हणजे असूनही घातला नाही. पूर्वेने दश्शी परत आणली, त्यावर दक्षिणेने एक्का घेतला. मग चौकटची राणी खेळून फिनेस, म्हणजे राजा पश्चिमेकडे असेल या आशेने त्याला पकडायचा प्रयत्न. पश्चिमेने हलकं पान टाकलं, डमीतून ९, आणि पूर्वेने राजा मारला. पूर्वेकडे इस्पिकचं ४ उरलं होतं, ते तिने लगेच खेळलं. पश्चिमेने ९, राजा आणि गुलाम असे तीन हात ओढले. इस्पिकचे एकूण चार, चौकटचा एक. आमचे ८ च झाले, एक डाऊन.

माझे प्रश्न तीन. एकदा दाबणं पुरलं नाही, पण ते टेबलावर बसल्या बसल्या कसं कळावं? चौकटच्या आधी बदाम खेळून बघायला हवे होते का? आणि उत्तरेने थेट ३ नोट्रम्प म्हणणं बरोबर होतं का?

तिर्री_वाशी

पहिल्या प्रश्नाला सोपी मोजणी आहे, सातचा नियम. उतारीच्या रंगात फक्त एक्का अडवणारा असेल, तर तुमची आणि डमीची त्या रंगातली पानं मोजा आणि ७ मधून वजा करा. उरेल तितक्या वेळा एक्का दाबायचा. इथे ३ आणि २ मिळून ५, म्हणजे दोनदा. तिसऱ्या फेरीला घ्यायचा.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं गणित बघा. इस्पिक तुमच्याकडे ५, त्यांच्याकडे ८. धोका आहे तो ५-३ वाटणीचा. पूर्वेची तीनही इस्पिकं संपेपर्यंत एक्का हातात राहिला, की पूर्व आणि पश्चिम यांच्यातला पूल तुटतो. मग चौकटचा राजा पूर्वेकडे असला तरी तिच्याकडे परत खेळायला इस्पिकच नाही. वाटणी ४-४ असेल तर त्यांना इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक मिळून चारच हात. ६-२ असेल तर एकदा दाबूनही भागलं असतं, दुसऱ्यांदा दाबल्याने इथे काही बिघडत नाही.

आता हात मोजा. इस्पिक १, बदाम ३, चौकट १, किलवर २. हे ७ नक्की. चौकटची फिनेस हरली तरी डमीत एक्का, गुलाम आणि १० उरतात, म्हणजे चौकटचे तीन हात होतात आणि एकूण ९. थोडक्यात, इस्पिक दोनदा दाबलं की फिनेस लागो न लागो, कॉन्ट्रॅक्ट (बोललेले ९ हात) बनतं. तिसऱ्या इस्पिकवर डमीतून किलवरचं एक पान टाका, बदाम नको. दुसरं किलवर मात्र डमीत ठेवा, एक्का-राजापर्यंत पोचायला ते लागेल.

जाता जाता अकराचा नियम. सत्ती जर पश्चिमेच्या इस्पिकमधलं वरून चौथं पान असेल, तर ११ वजा ७ म्हणजे उरलेल्या तीन ठिकाणी मिळून सत्तीच्या वरची चार पानं. डमीत ८, तुमच्याकडे एक्का, म्हणजे पूर्वेकडे दोन: आधी राणी दिसली, मग दश्शी. एवढ्यावरून पश्चिमेकडे राजा, गुलाम, ९ आणि ७ आहेत हे पक्कं कळतं.

ऐरोली_आडवा_हात

तिर्रींशी सहमत, पण सातचा नियम आंधळेपणाने लावू नका. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलसारखं, आला की चढायचं, असा हा नियम नाही. एक्का दाबण्याआधी दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, पुढे हात कोणाला जाणार आहे. इथे दक्षिणेतून डमीच्या एक्का-गुलामाकडे फिनेस आहे, म्हणून हरली तर पूर्वेला जाते, म्हणजे सुरक्षित बाजूला. लांब इस्पिकवाल्याला जाणार असती, तर त्याच्यासमोर दाबून काय मिळवणार?

दुसरी, दुसरा एखादा रंग त्याहून उघडा आहे का. समजा किलवरमध्ये तुमच्याकडे एक्का ७ ३ २ असतं आणि डमीत ६ ४. मग पूर्व पहिला इस्पिक जिंकून किलवरवर वळली, तर दाबण्याची किंमत महाग पडते. इथे एक्का-राजा दोन्ही आहेत, म्हणून चिंता नाही.

अजून एक फसवी जागा: दक्षिणेकडे एक्का गुलाम ३ असेल आणि पूर्वेने राणी घातली. पुढचा हात पश्चिमेला जाणार असेल, तर एक्का लगेच घ्या, कारण पश्चिमेने स्वतः इस्पिक खेळलं की गुलाम जिंकतो किंवा राजा पडून मोठा होतो. हात पूर्वेला जाणार असेल तर मात्र पूर्व तुमच्या गुलामातून खेळेल, तेव्हा तिथेही दाबणंच बरं. गुलाम बघून हुरळून एक्का मारणारे बहुतेकदा ह्याच ठिकाणी अडकतात.

बदाम आधी? ह्या डावात नको. सहा बदाम ३-३ वाटले जाण्याची शक्यता साधारण ३६ टक्के, ४-२ ची ४८. चौकटचा मार्ग आधीच पक्का असताना बदामाचे तीन वरचे हात काढून टाकले, आणि पूर्वेकडे पाच बदाम निघाले, तर ती चौकट राजा घेऊन दोन बदाम ओढेल. इस्पिकचे दोन, चौकट एक, बदाम दोन. झालात डाऊन. हातचं सोडून पळत्यापाठी जाणं ते हेच.

बदामराणी_खारघर

बोलीबद्दल. थेट ३ नोट्रम्प चूक. निकाल कदाचित तोच लागला असता, पण पाच बदाम असलेल्या उत्तरेने आधी २ चौकट म्हणजे बदामाची ट्रान्सफर (पार्टनरला बदाम बोलायला लावणारी बोली) द्यायला हवी होती. दक्षिण २ बदाम म्हणते, मग उत्तर ३ नोट्रम्प. ह्याचा अर्थ: माझ्याकडे नेमके पाच बदाम आणि गेमचे (३ नोट्रम्प किंवा ४ बदाम बोलण्याइतके) गुण आहेत, तू निवड. दक्षिणेकडे दोनच बदाम असतील तर पास, तीन असतील तर ४ बदाम. ह्या डावात दक्षिणेकडे राजा ४, म्हणून पासच. पण त्या ४ च्या जोडीला आणखी एक बदाम असता, तर पाच-तीनची आठ पानं सोडून नोट्रम्पमध्ये इस्पिकसमोर उभं राहणं महागात पडलं असतं. हुकूम बदाम असता तर तिसरं इस्पिक डमीत मारता आलं असतं.

११ गुण आणि समोर १५ ते १७, म्हणजे २६ ते २८. गेम नक्की, स्लॅमचे (१२ हातांचे) ३३ नाहीत. ह्या हाताला अजून एक वाट आहे: २ बदामानंतर ३ चौकट. ती नैसर्गिक आणि गेमपर्यंत सक्तीची, पाच बदाम आणि चार चौकट दाखवणारी. दुबळ्या इस्पिकच्या जोडीमुळे मला ती आवडते, पण पार्टनरशी आधी ठरलेली नसेल तर टेबलावर शोध लावू नका.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी दोन सूचना. शून्य गुण असले तरी पाच पानी बदाम किंवा इस्पिक असेल तर ट्रान्सफर द्या आणि मग पास व्हा, २ बदाम हे १ नोट्रम्पपेक्षा बहुतेकदा सोपं जातं. आणि सगळ्यात जास्त होणारा घोटाळा: पार्टनर २ चौकट खरंच चौकट समजून पास होतो. मध्येच विरोधकाने बोली घातली की ट्रान्सफर चालू राहणार की बंद, हे खेळायला बसण्यापूर्वी बोलून घ्या.

नौपाड्याची_डमी

सगळ्यांचे आभार, सात वजा पाच आता विसरणार नाही. एक शंका. दोन्हीकडची चौकट आपापसात बदलली, दक्षिणेकडे एक्का गुलाम १० ९ आणि डमीत राणी ८ ५ ३, बाकी सगळं तसंच. आता फिनेस हरली तर पश्चिमेला जाते. मग?

ऐरोली_आडवा_हात

छान प्रश्न, कारण उत्तर बरोब्बर उलटं होतं. आता दाबण्याने पश्चिमेची इस्पिकं मरत नाहीत. चौकटचा राजा तिच्याकडे असेल तर ती हात घेईल आणि उरलेली इस्पिकं ओढेल, मग एक्का पहिल्या फेरीला घेतलेला असो की तिसऱ्या. त्यामुळे इथे बदाम आधी: राजा, मग एक्का, मग राणी. ३-३ निघाले तर उरलेले दोन बदाम ओढा, बदामाचे पाच हात होऊन ९ झाले, चौकटला हातही लावू नका. नाही निघाले, तर तुम्ही डमीतच आहात, तिथून चौकटची राणी खेळा. राजा पूर्वेकडे असेल तर लागली. ३६ आणि उरलेल्या ६४ चे निम्मे, साधारण ६८ टक्के. नुसती फिनेस घेतली असती तर ५० वर अडकला असता.

तिर्री_वाशी

आणि बचावाच्या बाजूने बघायचं असेल तर मूळ डावातली विरोधकांची पानं अशी मांडा. पश्चिम: इस्पिक राजा गुलाम ९ ७ २, बदाम १० ३, चौकट ७ ४, किलवर राणी १० ८ ५. पूर्व: इस्पिक राणी १० ४, बदाम गुलाम ९ ८ ६, चौकट राजा ६ २, किलवर गुलाम ९ ३. राणी जिंकल्यावर पूर्वेकडे दोन इस्पिकं उरतात. दोन उरली असतील तर मोठं आधी परत, म्हणून दश्शी बरोबरच. आणि त्या दश्शीवर पश्चिमेने हलकं पान टाकून ९, राजा, गुलाम जपले हेही बरोबर. बचावात चूक नव्हती, दुसऱ्यांदा दाबलेल्या एक्क्याला तोड नाही एवढंच.